ओडिसियसला केलेला नवस

इथाका बेटाच्या वायव्य भागात, स्टाव्‌रोस गावाच्या खालच्या अंगाला, पॉलिस नावाचा आडोशाचा उपसागर आहे. त्याच्या काठावरच्या एका गुहेचे छत प्राचीन काळीच कोसळले. १९३० ते १९३२ या वर्षांत ब्रिटिश स्कूल अ‍ॅट अथेन्सतर्फे सिल्व्हिया बेंटन या विदुषीने ही गुहा उकरली. जुने थर पाण्याच्या पातळीखाली गेले होते. पंप लावून पाणी उपसायचे आणि मग चिखलातून हाताला लागेल ते वेचायचे, असे काम चालले. त्या चिखलात भाजक्या मातीच्या, बाईचा चेहरा असलेल्या एका मुखवट्याचा तुकडा निघाला. त्यावर ग्रीक लिपीत दोन शब्द स्पष्ट वाचता आले: ‘ओडिसियसला नवस’.

तुकडा इ.स.पू. दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातला. ‘ओडिसी’ हे महाकाव्य रचले जाऊन तोवर पाचशेहून अधिक वर्षे लोटली होती. ट्रॉयच्या युद्धात लाकडी घोड्याची युक्ती काढणारा, एकडोळ्या राक्षसाला फसवून निसटणारा, वीस वर्षांनी घरी परतणारा हा राजा ग्रीक जगात सर्वांना ठाऊक होता. पण ठाऊक असणे वेगळे आणि त्याच्या नावाने नवस बोलणे वेगळे. कोणीतरी अडचणीत होते, त्याने किंवा तिने या चतुर भटक्याला हाक मारली, आणि नवस फेडायला मुखवटा आणून वाहिला. ओडिसियसवरच्या प्रेमाचा इतका साधा, इतका खासगी पुरावा मला दुसरीकडे कुठे भेटलेला नाही.

या लेखात मी होमरच्या काव्याला साक्षीला बोलावणार नाही. निदान पहिल्या फेरीत नाही. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत जो भेद करतात तोच इथे करायला हवा. काव्य ही बखर. ती थोर आहे, पण इथाकेच्या लोकांनी आपल्या राजाला प्रत्यक्षात कसे मानले हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी दगड, नाणी, कौले आणि इतर कामासाठी लिहिलेल्या मजकुरात सहज येऊन गेलेले उल्लेख पाहावे लागतात.

त्यांतला सर्वांत भक्कम पुरावा इथाकेत नाही. तो मिळाला एजियन समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानात, मिअँडर नदीकाठच्या मॅग्नेशिया शहरात. या शहराची ग्रामदेवता आर्टेमिस लेउकोफ्रिएने. इ.स.पू. २२१-२२० च्या सुमारास देवीने दर्शन दिले असे शहरवासी सांगत. तिच्या नावाने मोठे खेळ भरवावेत, आणि शहर व त्याचा मुलूख यांवर कोणी हत्यार उचलू नये अशी मान्यता साऱ्या ग्रीक राज्यांकडून मिळवावी, असे त्यांच्या मनात आले. पहिला प्रयत्न फसला. मग इ.स.पू. २०८ च्या सुमारास त्यांनी पुन्हा चहूकडे वकील धाडले. हे वकील राजांच्या दरबारी गेले, मोठ्या नगरराज्यांत गेले आणि अगदी लहान बेटांवरही गेले. प्रत्येक ठिकाणची सभा भरली, ठराव झाले, उत्तरे आली. मॅग्नेशियाने ती सगळी उत्तरे आपल्या बाजारचौकातल्या खांबांच्या ओसरीच्या भिंतींवर कोरून घेतली. अशी साठांहून अधिक पत्रे आणि ठराव त्या दगडांवर आहेत. बर्लिनच्या संग्रहालयासाठी कार्ल हुमान यांनी १८९१ ते १८९३ मध्ये तिथे उत्खनन केले आणि ओटो केर्न यांनी १९०० साली सारे लेख छापून प्रसिद्ध केले. त्यांतला ३६ वा लेख इथाकेचा.

इथाकेच्या लोकसभेने मॅग्नेशियाची विनंती मान्य केली. राज्याराज्यांतल्या अशा उत्तरांचा साचा ठरलेला असे: जुन्या मैत्रीची आठवण, देवीचा गौरव, वकिलांचा सत्कार. पण या ठरावात मॅग्नेशियाच्या लोकांना ‘ओडिसेया’ या खेळांचे आमंत्रण आहे आणि ‘ओडिसेयॉन’ या स्थानाचाही उल्लेख आहे. म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या शेवटी इथाकेत ओडिसियसच्या नावाने खेळ भरत होते आणि त्याचे ठाण उभे होते.

मी या पुराव्याला इतके वजन देतो त्याचे कारण असे, की तो ओडिसियसविषयी काही सिद्ध करण्यासाठी लिहिलेलाच नाही. कामकाजाचा कागद आहे. परदेशी पाहुण्यांना आमंत्रण द्यायचे तर आपल्या सर्वांत मानाच्या उत्सवाचे द्यावे, एवढाच त्यामागचा विचार. जो उत्सव अस्तित्वातच नाही त्याचे आमंत्रण कोणी परराज्याच्या वकिलांना देत नाही, आणि ते आपला ठराव स्वतःच्या चौकात कायमचा कोरून ठेवणार आहेत हे ठाऊक असताना तर नाहीच. शिवाय त्या वकिलांना ओडिसेया म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज इथाकेला वाटलेली नाही.

नाण्यांची साक्ष याच्याही थोडी मागे जाते. इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांत इथाकेने पाडलेल्या तांब्याकाशाच्या नाण्यांवर निमुळती टोपी घातलेल्या ओडिसियसचे मस्तक आहे. ही टोपी कष्टकऱ्यांची, खलाशांची. राजमुकुट नव्हे. मागच्या बाजूला कोंबडा आणि इथाकावासीयांचे नाव. मोठ्या राज्यांनी आपल्या नाण्यांवर झ्यूस, अथेना, अपोलो असे देव घातले. इथाकेने बाजारात रोज हातोहाती फिरणाऱ्या सुट्ट्या पैशावर आपला भटका राजा घातला.

आता एका अवघड साधनाकडे वळतो. ग्रीक लेखक प्लुटार्कने इ.स. १०० च्या आसपास ‘ग्रीक प्रश्न’ नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले. निरनिराळ्या ग्रीक गावांतल्या विचित्र चालीरीतींचे मूळ त्यात त्याने सांगितले आहे. चौदावा प्रश्न इथाकेचा: कोलियादाई म्हणून ओळखले जाणारे लोक कोण? उत्तरात त्याने अ‍ॅरिस्टॉटलचे नाव घेतले आहे. अ‍ॅरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यांच्या घटनांची टिपणे केली होती, त्यांत इथाकाही होती. तो ग्रंथ आज नाही, पण त्यातली माहिती प्लुटार्कच्या या उताऱ्यात झिरपली आहे असे अभ्यासक मानतात, आणि मलाही तसेच वाटते.

उताऱ्यातली हकिकत होमरपेक्षा निराळी आहे. होमरच्या शेवटच्या सर्गात ओडिसियसने मारलेल्या, त्याच्या पत्नी पेनेलोपीच्या मागणीदारांचे नातेवाईक सूड घ्यायला येतात आणि अथेना मध्ये पडून तंटा मिटवते. इथाकेच्या आठवणीत हे प्रकरण देवीने मिटवलेले नाही. ते लवादापुढे गेले. दोन्ही पक्षांनी अकिलीसच्या मुलाला, निओप्टोलेमसला, पंच म्हणून बोलावले. त्याचा निवाडा असा: ओडिसियसच्या हातून रक्त सांडले आहे, म्हणून त्याने केफालेनिया, झाकिन्थस आणि इथाका सोडून जावे. उलट, मागणीदारांच्या सोयऱ्यांनी त्याच्या घरादाराची जी नासाडी केली तिची भरपाई दरसाल द्यावी. ओडिसियस इटलीला गेला आणि भरपाईचा हक्क मुलाला, टेलेमॅकसला, देऊन गेला. पुराणकथांच्या एका ग्रीक संग्रहात, अपोलोडोरसच्या नावावर चालणाऱ्या, या निवाड्याला एक कडवट शेपूट जोडले आहे: ओडिसियस दूर झाला की केफालेनिया आपल्याला मिळेल, असा निओप्टोलेमसचा डाव होता.

भरपाईत काय द्यायचे याची यादी प्लुटार्क देतो. जवाचे पीठ, वाइन, मधाची पोळी, ऑलिव्हचे तेल, मीठ, आणि कोकराच्या वयापुढची जनावरे. मी या यादीपाशी थांबतो. पंचाचा निवाडा ही दंतकथा आहे. तो झाला असे कोणी म्हणणार नाही. पण ही यादी कथेच्या गरजेतून आलेली नाही. एका राजाचे उद्ध्वस्त घर भरून काढायला पीठमीठ कशाला लागेल? तिथे सोने, कासे, गुलाम, गुरांचे कळप यायला हवे होते. पीठ, तेल, मध, मीठ, वाइन आणि एक ठरावीक वयाचे जनावर हा नैवेद्याचा शिधा आहे. इथाकेत दरसाल कुठल्यातरी ठिकाणी हे जिन्नस पोचते होत होते, ते कोणत्या घराण्यांनी द्यायचे हे ठरलेले होते, आणि का द्यायचे हे सांगायला निवाड्याची कथा होती. रीत आधी, कथा मागून. मॅग्नेशियाच्या दगडावरचे ठाण आणि या शिध्याचे धनी एकच असावेत, हे माझे अनुमान. मात्र ते पुराव्याला सोडून नाही.

त्याच उताऱ्यात पुढे येते की टेलेमॅकसने युमेयस या डुकरे राखणाऱ्या गड्याला आणि त्याच्या माणसांना मुक्त करून नागरिक केले. कोलियादाई हे कुळ युमेयसचे, आणि बूकोलोई हे कुळ गुराखी फिलोइटियसचे. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या काळी इथाकेत अशी जिवंत घराणी होती जी राजाचे नव्हे, त्याच्या इमानी नोकरांचे वंशज म्हणवून घेत आणि त्यात भूषण मानत. ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात परतला तेव्हा त्याला झोपडीत आसरा देणारा युमेयसच होता. त्याच्या वंशात जन्मल्याचा अभिमान बाळगणारे बेट मला फार जवळचे वाटते.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. ज्या बेटाने या माणसाला नाण्यावर बसवले, त्याच बेटाने त्याच्या हातून झालेल्या रक्तपाताची शिक्षाही आपल्या कथेत जपून ठेवली. दुसरीकडे मात्र त्याच्या चातुर्यावर टीका करणाऱ्यांची रांग लागली होती. कवी पिंडारच्या मते होमरच्या गोडव्याने ओडिसियसची कीर्ती त्याच्या सोसण्यापेक्षा मोठी झाली. सोफोक्लीसच्या इ.स.पू. ४०९ च्या ‘फिलोक्टेटीस’ नाटकात तो एका कोवळ्या मुलाला फसवायला शिकवणारा, काम साधण्यासाठी काहीही करणारा माणूस आहे. इथाकेच्या साधनांत ही भांडणे नाहीत. तिथे तो युक्तिबाज म्हणून पुजला गेल्याची एकही खूण मला दिसत नाही. नवस, खेळ, शिधा, कुळे हे सगळे परत आलेल्या आणि पुन्हा जावे लागलेल्या घरधन्याभोवती उभे आहे.

आता गुहेत परत जाऊ, कारण तिथला सर्वांत प्रसिद्ध ऐवज अजून सांगितलेला नाही. बेंटनबाईंना काशाच्या मोठ्या तिवयांचे अवशेष मिळाले: तीन पाय, वर कढई, कानांना उभी गोल कडी. इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकांतले. त्या काळी काशाची तिवई म्हणजे मोठी श्रीमंती. ती देवाला वाहत, बक्षीस म्हणून देत, पाहुण्याला भेट म्हणून देत. बारा तिवयांचे तुकडे बेंटनबाईंनी ओळखले. एकोणिसाव्या शतकात लुइझोस नावाच्या जमीनमालकाने तिथे खणताना आणखी एक काढली होती. एकूण तेरा.

इथे होमरला टाळता येत नाही. ‘ओडिसी’त फायाकियन लोकांचा राजा अल्किनूस सांगतो की आपल्याकडे बारा सरदार आहेत आणि तेरावा मी, पुढे तो प्रत्येकाने पाहुण्याला एकेक तिवई आणि कढई द्यावी असे सुचवतो. तेराव्या सर्गात झोपलेल्या ओडिसियसला या भेटींसह इथाकेच्या किनाऱ्यावर उतरवतात. जाग आल्यावर त्याला आपलेच बेट ओळखू येत नाही, आणि आपल्याला फसवून भलत्याच ठिकाणी सोडले असे समजून तो पहिल्यांदा काय करतो, तर तिवया, कढया, सोने, कपडे सगळे मोजून पाहतो. काही कमी नसते. मग अथेना येते आणि दोघे मिळून तो ऐवज अप्सरांच्या गुहेत लपवतात.

काव्यातल्या तेरा आणि चिखलातल्या तेरा. हा मेळ पाहून अंगावर काटा येतो हे मी मान्य करतो. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इराड माल्किन यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की पश्चिमेकडे इटलीच्या वाटेवर निघालेले सुरुवातीचे ग्रीक दर्यावर्दी इथे थांबत आणि परतणाऱ्या ओडिसियसला या तिवया वाहत. कवीला हे ठिकाण ठाऊक होते आणि त्यावरून त्याने प्रसंग रचला. तसे असेल तर ओडिसियसची पूजा महाकाव्याहून जुनी ठरते.

मला हे पटावेसे वाटते, पण साधने तिथवर पोचवत नाहीत. तिवयांवर कोणाचेही नाव नाही. गुहेत अप्सरांना, अथेनाला आणि हेराला उद्देशून लिहिलेले लेखही सापडले आहेत, म्हणजे तिथे एकापेक्षा अधिक दैवते नांदत होती. आणि तेरा हा आकडा तुकड्यांच्या गणतीवरून आलेला आहे. पाय, कडी, कढईचे पत्रे जुळवून कोणता तुकडा कोणत्या तिवईचा हे ठरवताना एकदोन इकडेतिकडे होणे सहज शक्य आहे. ओडिसियसचे नाव प्रत्यक्ष दिसते ते त्या मुखवट्यावर, तिवयांनंतर सहा-सात शतकांनी. मधला काळ गुहा ओस नव्हती. रोमन काळाच्या सुरुवातीपर्यंत तिथे लोक वस्तू वाहत होते. पण सातत्याने वस्तू वाहणे म्हणजे सातत्याने त्याच एका नावाने वाहणे नव्हे. म्हणून मी एवढेच म्हणेन: इ.स.पू. चौथ्या शतकापासून पुढे इथाकेची ओडिसियसभक्ती सिद्ध आहे, नवव्या-आठव्या शतकातली शक्य आहे, आणि ती शक्यता दुर्लक्षावी अशी नाही.

इथाकेबाहेरचे पुरावे बरेच आहेत, पण त्यांची प्रत सारखी नाही. स्पार्टात ओडिसियसचे वीरस्थान होते असे प्लुटार्क ४८ व्या प्रश्नात सांगतो आणि त्याचे एक कारण पेनेलोपी तिथली लेक होती हे देतो. मध्य ग्रीसच्या डोंगरांत युरिटानियन लोकांकडे ओडिसियसचे कौल लावण्याचे स्थान होते. ही माहिती लायकोफ्रॉनच्या काव्यावरच्या जुन्या टीपेत अ‍ॅरिस्टॉटल आणि निकँडर यांच्या हवाल्याने आली आहे. समुद्रापासून दूर, डोंगरात खलाशाचे ठाण कसे? ‘ओडिसी’त टायरेसियस या द्रष्ट्याने ओडिसियसला सांगितले होते की खांद्यावर वल्हे घेऊन चालत राहा, आणि ज्या मुलखात लोक त्या वल्ह्याला धान्य पाखडायचे अवजार समजतील तिथे समुद्रदेव पोसायडनला बळी दे. डोंगरातल्या गावांनी ते ठिकाण आपलेच असा दावा सांगितला असेल तर नवल नाही. आर्केडियात असेआजवळचे अथेनेचे मोडके देऊळ ओडिसियसने बांधले असे प्रवासवर्णनकार पॉसेनियसलाही सांगण्यात आले होते.

पश्चिमेकडचे उल्लेख अधिक सैल. स्पेनच्या दक्षिणेला ओडिसेया नावाचे गाव असून तिथल्या अथेनेच्या देवळात ढाली आणि जहाजांच्या नाळेचे भाग टांगलेले आहेत, हे स्ट्रेबोने इतर लेखकांच्या आधारे लिहिले. ऱ्हाइनच्या काठी आस्किबुर्गियम इथे युलिसिसला अर्पण केलेली, त्याच्या बापाचे लाएर्टीसचे नावही असलेली वेदी सापडल्याचे टॅसिटस नोंदवतो, आणि लगेच बजावतो की हे खरे किंवा खोटे ठरवण्याचा त्याचा विचार नाही. इतिहासकाराची ही सावधगिरी मला त्या वेदीपेक्षा मोलाची वाटते.

रोममध्ये मात्र हातात धरण्याजोगी वस्तू आहे. इ.स.पू. ८२ मध्ये गायस मामिलियस लिमेटानस या टांकसाळ अधिकाऱ्याने चांदीचे दिनार पाडले, दातेरी कडांचे. एका बाजूला बुध, म्हणजे हर्मिस; ओडिसियसचा आजा ऑटोलिकस हर्मिसचा मुलगा होता. दुसऱ्या बाजूला काठी टेकत चाललेला ओडिसियस आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणारा त्याचा कुत्रा आर्गोस. मामिलियस घराणे आपला वंश टेलेगोनसपर्यंत, ओडिसियस आणि जादूगारीण सर्सीच्या मुलापर्यंत, नेत असे. टेलेगोनसने टस्क्युलम हे शहर वसवले अशी समजूत होती. साऱ्या साहसांतून या रोमन माणसाने निवडला तो क्षण कसला, तर वीस वर्षांनी आलेल्या धन्याला फक्त कुत्रा ओळखतो तो. तिकडे इथाकेत युमेयसचे वंशज म्हणवणारे होते, त्यांनाही ही निवड आवडली असती.

हाइनरिख श्लीमान १८६८ मध्ये इथाकेत आला आणि एटोस डोंगरावर खणून त्याने काही रक्षाकलश काढले. ते कदाचित ओडिसियस आणि पेनेलोपीचे असतील असे लिहायलाही तो कचरला नाही. तेव्हापासून या बेटावर राजवाडा शोधण्याचा सोस चालू आहे. उत्तरेकडे आयिओस आथानासिओस इथे, ‘होमरची शाळा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवशेषांत, योआनिना विद्यापीठाने अनेक वर्षे उत्खनन केले, आणि त्याबद्दलही ओडिसियसचा वाडा सापडल्याच्या बातम्या झळकल्या. २०२५ च्या जूनमध्ये ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयाने तिथल्या नव्या निष्कर्षांची घोषणा केली. त्यात दोन कौलांचे तुकडे आहेत. एकावर ओडिसियसचे नाव षष्ठीत आहे, ‘ओडिसियसचे’. दुसऱ्यावर चतुर्थीत, ‘ओडिसियसला’. सोबत त्याची मानली गेलेली काशाची एक छोटी अर्धप्रतिमा.

ग्रीक देवळांच्या कौलांवर मालक म्हणून देवाचे नाव षष्ठीत उमटवण्याची पद्धत होती. चोरीला आळा बसे आणि माल कोणाच्या खात्यातला हेही कळे. त्या छपराखाली कांस्ययुगातला राजा राहत होता हे या कौलांवरून सिद्ध होत नाही. कौले आहेत हेलेनिस्टिक काळातली, मॅग्नेशियाला गेलेल्या ठरावाच्या आगेमागची. त्यांच्यावरून सिद्ध होते ते मला वाड्याहून मोठे वाटते: ज्या ओडिसेयॉनचे नाव आजवर फक्त तुर्कस्तानातल्या एका भिंतीवर वाचायला मिळत होते, त्याला आता इथाकेच्या जमिनीवर जागा मिळाली आहे.